बेटाची प्रदक्षिणा आणि मार्गपत्रकांची घाई

प्रवासवर्णनांची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली. प्रवासाच्या आखणीची मात्र फारशी झालेली दिसत नाही. वस्तुतः आखणी हीही एक रचनाच आहे. आरंभ कोठे करावा, कशानंतर काय यावे, कोठे रेंगाळावे आणि काय निःशंकपणे गाळावे, हे ठरविणारा मनुष्य निबंधकाराहून निराळे काही करीत नसतो. म्हणून मॉरिशस बेटाच्या नैऋत्य भागातून मोटारीने एक दिवसाची सहल आखून देणारी जी मार्गपत्रके आज प्रवाशांच्या हाती पडतात, त्यांकडे रचना ह्या दृष्टीनेच पाहावे असे आम्हांस वाटते. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे सुटीत त्या बेटावर जातात, आणि तेथील मार्गावर आपल्या समाजाचे एक मोठे तीर्थही आहे. तेव्हा हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. ही पत्रके सुबोध असतात. रस्त्यांची व गावांची नावे ती बहुधा बरोबर देतात. वाहने आपल्याकडल्याप्रमाणे डाव्या बाजूने चालतात, हेही ती सांगतात. परंतु त्यांचा साचा ठरलेला असतो. सकाळी क्यूरपिपचे मृत ज्वालामुखीचे विवर, मग गंगातलाव, मग ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या, शामारेलचा धबधबा व सप्तरंगी माती, ल मोर्नचा किनारा, सुयाकचा कडा, आणि जाता जाता चहाचा मळा! प्रत्येक स्थळापुढे मिनिटे मांडलेली. बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. मग एका दिवसात काय अवघड, असा हा हिशेब आहे. पहिला दोष ह्या हिशेबातच आहे.

अंतर नकाशावर मोजता येते, वेळ रस्त्यावर मोजावा लागतो. बेटाचा मध्यभाग उंच पठाराचा आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे त्या पठारावर ढग आणून सोडतात. म्हणून क्यूरपिप पावसाने भिजत असते, तर पलीकडे तामारिनजवळ उन्हात मिठागरे चालत आली. त्यातही दिवस चढतो तसे पठारावर धुके व ढग दाटण्याचा संभव वाढतो. म्हणजे डोंगर सकाळी आणि पश्चिम किनारा दुपारी, हा क्रम निसर्गानेच लावून दिलेला आहे. जी पत्रके प्रवाशाला सकाळी वाळूवर बसवून तिसऱ्या प्रहरी दऱ्यांचे दर्शन घ्यावयास पाठवितात, ती त्याला पुष्कळदा पांढऱ्या धुक्याचेच दर्शन घडवितात. शिवाय उष्ण कटिबंधात संधिप्रकाश अल्पजीवी असतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळला की थोड्याच वेळात काळोख होतो. शामारेलचा वळणावळणांचा उतार उजेडी उतरलेला बरा, ही एक ओळ पत्रकात हवी होती. नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने चक्रीवादळांचे, ही दुसरी.

दिशेचा विचार तर कोठेच आढळत नाही. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव उजव्या हाताला असतो. बेटाभोवती त्याच दिशेने गेल्यास जमीन उजवीकडे व समुद्र डावीकडे राहतो. वाहने डावीकडून चालत असल्याने आपली गाडी पाण्याच्या बाजूस असते. थांबावेसे वाटले तर समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागत नाही, आणि दृष्टीआड दुसऱ्या गाड्याही येत नाहीत. बे द्यू कापजवळ माकोंदे येथे रस्ता खडकाला वळसा घालून अगदी लाटांच्या काठाने जातो. तेथे ह्या दिशेचे महत्त्व तत्काळ पटते. धर्मशास्त्राने मोटारींचा विचार केला नव्हता हे खरे. पण जुना आचार येथे व्यवहारासही सोयीचा ठरतो, एवढे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पत्रकांत गंगातलावाला मिळणारी मिनिटे चहाच्या मळ्याहून थोडी आहेत, आणि त्याचे वर्णन काय, तर भव्य मूर्ती व उत्तम छायाचित्रे! डोंगरमाथ्यावरील हे सरोवर, ज्याचे जुने नाव ग्रां बासें, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले आहे. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्यांना स्वप्नात त्याचा जाह्नवीशी संबंध दिसला, अशी कथा आहे. पुढल्या वर्षी भाविक तेथे पायी गेले, आणि १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. महाशिवरात्रीला आजही लाखो माणसे कावडी घेऊन दूरदूरच्या गावांतून तेथवर चालत जातात. २००७ मधील ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती वडोदऱ्याच्या सुरसागरातील शिवमूर्तीवरून घडविलेली आहे. तेव्हा आमच्या बडोदेकर वाचकांना तेथे ओळखीचे रूप भेटेल. पण मूर्ती ही त्या स्थळाची अगदी अलीकडली गोष्ट. परक्या भूमीत आणलेल्या मजुरांनी एका अनोळखी तळ्याला आपल्या नदीचे नाव दिले आणि ते नाव खरे करून दाखविले, हे त्याचे खरे माहात्म्य. ज्या पत्रकात हे नाही, त्यात गंगातलाव असून नसल्यासारखा आहे. शिवरात्रीच्या आठवड्यात त्या रस्त्यावर पहिला मान चालणाऱ्यांचा असतो, हे तरी मोटारवाल्याला सांगावयास नको काय?

तिसरा दोष मौनाचा. ल मोर्नचा पर्वत ५५६ मीटर उंच, तीन बाजूंनी समुद्र. पत्रके त्याच्या पायथ्याची वाळू दाखवितात आणि माथ्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. पळून गेलेल्या गुलामांनी ह्या कड्याकपारींचा आश्रय घेतला होता. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर येऊ लागले, ते आपल्याला धरावयासच येत आहेत असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे लोकपरंपरा सांगते. २००८ मध्ये ह्या परिसराचा जागतिक वारशात समावेश झाला, तो वाळूसाठी नव्हे.

आणि रस्त्याच्या दोहो बाजूंचा ऊस? त्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या राशी उभ्या दिसतात. पत्रकांनी त्यांची दखल घेतलेली नाही. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना माणसांच्या हातांनी उचलून रचलेले ते ज्वालामुखीचे दगड आहेत. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. बहुतेक भारतीय, आणि त्यांत मुंबईहून गलबतांत चढलेले कोकणातले मराठीही होते. ब्लॅक रिव्हर व वाकोआच्या भागांत त्यांच्या वंशजांची जुनी वस्ती आहे. तेथे १८९६ पासून गणेशचतुर्थी साजरी होत आली असे सांगतात; आज त्या दिवशी साऱ्या देशाला सुटी असते. अभिमन्यु अनत ह्यांची ‘लाल पसीना’ ही हिंदी कादंबरी (१९७७) ज्याने वाचली, त्याला त्या राशी निव्वळ दगड म्हणून दिसणार नाहीत. दृश्य तेच, पण पाहणाऱ्याच्या मनात काही पेरलेले असावे लागते. पेरणे हे आखणी करणाराचे काम.

पेरणीऐवजी पत्रके काय करतात, त्याचा एक मासला पाहण्याजोगा आहे. स्वर्ग ह्या बेटावरून बेतला गेला, हा अभिप्राय मार्क ट्वेन ह्यांचा म्हणून छापण्याची प्रथा पडून गेली आहे. ट्वेन १८९६ च्या एप्रिलमध्ये तेथे होते. परंतु त्यांच्या १८९७ च्या प्रवासग्रंथात हा उद्गार एका स्थानिक गृहस्थाचा म्हणून येतो, आणि लगेच दुसरा गृहस्थ त्यात अतिशयोक्ती आहे असे सांगतो. विनोदी लेखकाने चिमटा काढला. जाहिरातदाराने तो प्रशस्तिपत्र म्हणून लावला. अर्धे वाक्य घेऊन अर्धे टाकणे, हीच ह्या साऱ्या पत्रकांची पद्धत आहे. वाळू घ्यावयाची, कडा टाकावयाचा. मूर्ती घ्यावयाची, पदयात्रा टाकावयाची.

मग आखणी कशी असावी? आमची सूचना साधी आहे. सकाळी लौकर वाकोआकडून गंगातलावावर जावे. तेथे घड्याळ पाहू नये; दर्शन, अभिषेक, काठावर बसणे, सर्व यथासांग व्हावे. मग प्लेन शांपान्यच्या पठारावरून ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या पाहाव्या; १९९४ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि बेटाचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटरांचे, त्याच परिसरात आहे. शामारेलला धबधबा व रंगीत माती पाहून डोंगरातल्या रस्त्याने बे द्यू कापला उतरावे, आणि समुद्र डावीकडे ठेवीत ल मोर्नला तिसऱ्या प्रहरी पोहोचावे. सूर्य तेथे पश्चिमेच्या पाण्यावर मावळतो. क्यूरपिपचे विवर, सुयाकचा कडा, चहाचा मळा, तिन्ही गाळावी. सुयाकचा कडा सुंदर नाही असे नव्हे. तेथे प्रवाळाची भिंत तुटल्याने महासागर सरळ खडकावर आदळतो, आणि त्याला वेगळा दिवस द्यावा इतका तो थोर आहे. परंतु चांगल्या रचनेत चांगल्या गोष्टीही गाळाव्या लागतात.

सुटीवर गेलेल्या कुटुंबाला इतिहासाचे ओझे कशाला, असा आक्षेप येईल. मुले पाण्यात खेळोत, आम्हांलाही त्यात आनंदच आहे. पण ल मोर्नची कथा सांगावयास पाच मिनिटे लागतात आणि दगडांच्या राशी दाखवावयास एक. त्याने गाडी जड होत नाही. उलट, जे बेट केवळ डोळ्यांनी पाहिले ते दुसऱ्या बेटांत मिसळून जाते आणि परतल्यावर छायाचित्रांखाली नावे लिहून ठेवावी लागतात. आपल्याच कोकणच्या माणसांनी ज्या भूमीतले दगड वेचले, ती भूमी आपल्या लेकरांनी खिडकीतून ऊस म्हणून पाहावी आणि पुढे निघावे, ही आखणी आम्हांस अपुरी वाटते. तेव्हा निघण्यापूर्वी वडील मंडळींनी पत्रक हाती घ्यावे, त्यातली निम्मी स्थळे खोडावी, आणि उरलेल्या प्रत्येक स्थळापुढे मिनिटांच्या जागी ते कोणाचे आहे हे लिहावे.