हुकमाचा उरलेला मजकूर

ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड भागातल्या एका हौशी कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेने बसवलेले 'जूनटीन्थ'वरचे नाटक पाहिले. पडदा नाही, नेपथ्य म्हणजे दोन बाके आणि कापसाची एक गोणी. नटांमध्ये शिक्षक, नर्सा, बसचालक. आपल्या गणेशोत्सवात वाढलेल्या प्रेक्षकाला यात परके काहीच वाटू नये. तरीही एका बाबतीत हे नाटक आपल्या हौशी रंगभूमीपेक्षा धीट आहे.

लिंकनची मुक्तिघोषणा १ जानेवारी १८६३ ची. टेक्ससमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांसाठी तिचा अंमल सुरू झाला तो १९ जून १८६५ ला, जनरल ग्रेंजरने गॅल्व्हस्टनला हुकूम क्रमांक तीन काढला तेव्हा. समारंभांत बहुधा त्यातली मुक्तीची ओळ वाचतात आणि टाळ्या पडतात. या मंडळींनी हुकूम शेवटपर्यंत वाचला. मालक आणि गुलाम यांचे हक्क समान, असे सांगणारा तोच कागद पुढे मुक्त झालेल्यांना बजावतो, की आहात तिथेच गुमान राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर गर्दी करू नका, बसून खाणाऱ्यांना कोणी पोसणार नाही. वाचन संपते आणि एक म्हातारी नुसती गोणीकडे पाहत राहते. त्या बाईंनी घेतलेला थांबा मुरलेल्या नटीलाही साधेलच असे नाही.

दुसरा अंक मात्र घसरतो. मालकाचे पात्र इतके राक्षसी केले आहे, की गुलामगिरी ही एका दुष्ट माणसाची करणी वाटू लागते. तिच्यामागचा कायदा आणि जमाखर्च दिसतच नाही. १८७२ साली मुक्त झालेल्या लोकांनी पैसे जमवून उत्सवासाठी दहा एकर जमीन घेतली, तेच आजचे इमॅन्सिपेशन पार्क. हा प्रसंग दोन मिनिटांत उरकला आहे. खरे नाटक त्या वर्गणीत होते, हे आपल्या मंडळाचा कोणताही खजिनदार सांगेल! गाणी सुरेल होती, पण एखादे कमी चालले असते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका लिहिली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले आणि ते छापून आले थेट १९७९ मध्ये. त्यातला जोशी राक्षस नाही. तो गरोदर कुणबीणीला ग्रहांची भीती घालतो, गोड बोलतो आणि नवराबायकोला कर्जात लोटतो. ह्यूस्टनच्या नाटकात राहून गेले ते नेमके हेच. पात्रे बेताची, नेपथ्य जवळजवळ नाहीच, म्हणजे आपल्या मंडळाला सहज पेलणारे नाटक. तालमीला दोन महिने पुरतील. जोशीबुवांचे काम करायला कोण पुढे येते, यात कदाचित जास्त वेळ जाईल.