प्रच्छन्न लेख आणि साहित्यविचार

साध्या मजकुराच्या पोटात दुसराच मजकूर दडविण्याची विद्या फार जुनी आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत अक्षरमुष्टिकाकथन आणि म्लेच्छितविकल्प यांची गणना केलीच आहे. साहित्याच्या अभ्यासकास तिच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु थोर ग्रंथांच्या ओळींआड गुप्त संदेश शोधण्याचा छंद अधूनमधून विद्वानांनाही जडतो, आणि वर्गातला चुणचुणीत विद्यार्थी तर असल्या शोधांनी तत्काळ भारून जातो. म्हणून विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याचा, शेक्सपिअरविषयक गुप्तलेखांचे परीक्षण करणारा १९५७ सालचा ग्रंथ आम्हांस अद्यापि वाचनीय वाटतो.

प्रथम मूळ पद्धत पाहू. फ्रान्सिस बेकनने १६२३ मध्ये आपली द्विवर्णी लिपी सविस्तर छापली. किंचित भिन्न वळणाचे दोन प्रकारचे खिळे घ्यावयाचे. एकास 'अ' आणि दुसऱ्यास 'ब' म्हणावयाचे. मजकुराचे पाचपाच अक्षरांचे गट पाडावयाचे. 'अ' आणि 'ब' यांच्या अशा पंचकांच्या बत्तीस तऱ्हा होतात. बेकनच्या चोवीस वर्णांना त्या पुरून उरतात. म्हणजे शंभर अक्षरांच्या कोणत्याही पत्रात वीस अक्षरांचा कोणताही निरोप मावतो. वर खुशालीची चौकशी असावी, आत वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यास सुटकेची खूण!

नेमक्या त्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ निघाला. एवढ्या योगायोगावर केवढी इमारत उभी राहिली! एलिझबेथ वेल्स गॅलप या बाईंनी फोलिओच्या तिरप्या टाइपात बेकनचे गुप्त आत्मवृत्त वाचले आणि १८९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. फ्रीडमन पतिपत्नी तरुणपणी इलिनॉयमधील रिव्हरबँक येथे याच बाईंच्या कामात साहाय्यक होती. पुढे विल्यम यांच्या हाताखालील मंडळींनी १९४० मध्ये जपानची गुप्तलिपी उलगडली. तेव्हा हा निवाडा बाहेरच्या उपहासकाचा नव्हे, घरातल्या माणसाचा आहे.

त्यांची कसोटी दोनच प्रश्नांची. निघालेला मजकूर भाषेस आणि अर्थास धरून आहे काय? आणि त्याच किल्लीने दुसरा मजकूर निघूच शकत नाही, असे आहे काय? दुसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक शोधक अडखळतात. १८८८ मध्ये इग्नेशस डॉनेली यांनी शब्द मोजण्याची जी पद्धत वापरली, तिचाच अवलंब करून टीकाकारांनी नेमके उलट संदेश काढून दाखविले. गॅलपबाईंची पद्धत तत्त्वतः शुद्ध होती. पण तिला दोन स्पष्ट साचे हवेत. फोलिओच्या छापखान्यात तर झिजलेले, नवे-जुने, नाना वळणांचे खिळे एकत्र होते, शिवाय शाई पसरलेली. ग्रंथाच्या मधल्या प्रकरणांत वाचक थकतो खरा. परंतु लेखकद्वयाने २५७ व्या पृष्ठावरील तिरप्या शब्दांत बेकनच्याच पद्धतीने, नाटके आपण लिहिली नाहीत अशी बेकनच्या नावाची कबुली दडविली आहे, हा विनोद सापडला की सारे श्रम भरून येतात.

एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. समजा, उद्या असा संदेश खरोखरच सापडला. तर 'हॅम्लेट'च्या काव्यगुणात काय भर पडेल? फ्रीडमन हा प्रश्न विचारीत नाहीत. आनंदवर्धनाचा ध्वनी वाच्यार्थातून उमलतो. वाच्यार्थ बदलला की तोही बदलतो. बेकनच्या निरोपाचे वरच्या मजकुराशी काही नातेच नाही. एकच निरोप शोकांतिकेतही बसतो आणि किराणा मालाच्या यादीतही. मोरोपंतांनी मंत्राक्षरे गुंफली, तेथे 'मंत्ररामायण' हे नावच ती गोष्ट उघड सांगते. मम्मटाने चित्रकाव्यास अवर म्हटले, पण काव्यातून हद्दपार केले नाही. महानुभावांच्या सकळ लिपीचे प्रकरण आणखी वेगळे. पोथी उघडताच येथे काही राखून ठेवले आहे, हे परक्यालाही कळे. किल्ली तेवढी नसे. राजवाड्यांनी ती शोधली, तेव्हा मिळाले ते साहित्यच मिळाले. येथे पडदा होता, मुखवटा नव्हता.

आता संगणकाने बेकनचे खिळे फुकट वाटले आहेत. ओळीच्या शेवटी रिकाम्या जागा सोडून, अथवा शून्य रुंदीची चिन्हे पेरून साध्या मजकुराच्या फाइलीत निरोप दडविता येतो. एक चिन्ह शून्याचे, दुसरे एकाचे. गंमत अशी की ही अदृश्य चिन्हे आमच्या देवनागरीस परकी नाहीत. 'दुसऱ्या'मधील आडवा 'र' उमटविण्यासाठी अनेक ठिकाणी अदृश्य जोडचिन्ह टंकावे लागे, आणि जोडाक्षर टाळून हलन्त उघडा ठेवावयाचा तर अजोडचिन्ह अजूनही लागते. इंग्रजी मजकुरात असे चिन्ह चटकन संशयास्पद ठरेल. मराठीत ते शुद्धलेखनाच्या वेषात खपून जाईल. अर्थात तोच लेख कागदावर छापला, किंवा कोणी नव्याने टंकून काढला, की आतला निरोप नाहीसा होतो आणि वरचा लेख जसाच्या तसा राहतो.