राखलेला उजेड

सावळाराम हळदणकरांचे (१८८२–१९६८) ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हाताच्या आडोशाने दिवा जपणारी ही स्त्री पुष्कळांना राजा रविवर्म्याची वाटते, तीही तैलरंगातली. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्र त्यानंतर काही दशकांनी झाले. ही गल्लत केवळ नावापुरती नाही, असे माझे म्हणणे आहे.

जलरंग शिकताना या चित्राची छापील प्रत मीही तैलचित्र समजूनच गिरवली. आधी काळोख भरायचा, मग त्यावर उजेड चढवायचा. दरवेळी कागद मळला. तैलरंगात पांढरा वरून बसतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे राखलेला कागद. निर्मळच्या तळ्याकाठी पाण्यावरची चकाकी कोरी सोडून भोवती रंग लावला, तेव्हा हे हाताला कळले.

त्यानंतर हळदणकरांची स्त्री पुन्हा पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचा, बोटांमधून झिरपणारा उजेड पातळ थरांखालून येतो. तो कुठे थांबवायचा, हे चित्रकाराने आरंभीच ठरवलेले असणार.

थोरांचे चित्र जरूर गिरवावे. पण ते कुणाचे आणि कशात रंगवलेले, हे आधी तपासावे. माझे दोन पावसाळे त्यात गेले.