लाटा पुसल्यावर

समुद्राचे छायाचित्र सुधारायचे म्हणजे नेमके काय सुधारायचे? पॅरिशमधील एका हौशी तरुणाने आपली काही कृष्णधवल चित्रे माझ्यापुढे मांडली, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळत आहे. लेन्सवर काळसर काच चढवून, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडे ठेवून त्याने ती टिपली होती. लाटांचे धुके झाले होते, आभाळ रेशमासारखे गुळगुळीत झाले होते. चित्रे देखणी होती. पण ती कुठल्या समुद्राची, हे सांगता येत नव्हते. एका चित्रात मात्र होडीशेजारी राखाडी डाग राहून गेले होते. जाळे आवरणारी माणसे हलल्यामुळे धूसर झाली होती. तेवढा दोष कसा काढावा, असे त्याने विचारले.

या शैलीतील आजचे मोठे नाव म्हणजे मायकेल केन्ना. १९५३ साली इंग्लंडमधील विडनेस या कारखान्यांच्या गावी, एका श्रमिक कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्मगुरू होण्याच्या ओढीने त्यांनी सात वर्षे सेमिनरीच्या शाळेत काढली. पुढे वाट बदलली. तेथील शिस्त आणि मौन आपल्या कामात उतरले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. सेमिनरीतील पहाट ज्याने अनुभवली आहे, त्याला हे पटावे.

प्रतीक्षा हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. दहा स्टॉपची काळी काच प्रकाश सुमारे हजारपटीने घटवते. एरवी एक तीसांश सेकंदात उमटणारे दृश्य मग अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ मागते. रात्री तर केन्ना कधी कधी तासन्‌तास शटर उघडे ठेवतात. त्या अवधीत जे हलते ते विरघळते आणि जे स्थिर आहे तेच टिकते.

चित्र येथे संपत नाही. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर केन्ना यांनी रूथ बर्नहार्ड या ज्येष्ठ छायाचित्रकर्तीच्या निगेटिव्हवरून प्रती काढण्याचे काम केले. निगेटिव्ह ही केवळ सुरुवात असते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. डार्करूममध्ये कुठे हाताची सावली धरून उजेड अडवायचा, कुठे जास्त देऊन काळोख गडद करायचा, यातून चित्र घडते. त्यांच्या प्रती जेमतेम आठ इंच चौरस असतात; जवळ गेल्याखेरीज त्या बोलत नाहीत.

कोणी म्हणेल, ही निसर्गाशी लबाडी झाली. परंतु १८५७ साली गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानेही सेत येथील उसळती लाट दोन निगेटिव्ह जोडूनच दाखवली होती. त्या काळच्या काचांवर समुद्र नीट उमटला की आभाळ कोरे पडे; म्हणून समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्यावरून घेतले. त्याने लाट थांबवली, केन्ना ती विरघळवतात. हस्तक्षेप दोघांचाही आहे. तो कशासाठी केला, हे पाहिले पाहिजे.

ज्या घरातील माणूस समुद्रावरून परतला नाही, त्या घराच्या भिंतीवर असे चित्र लावता येईल का? केन्ना यांची उत्तम चित्रे या कसोटीला उतरतात, असे मला वाटते. त्यांत माणूस जवळजवळ नसतो. पण त्याने बांधलेला धक्का असतो, पाण्यात रोवलेले, झिजलेले खुंट असतात. पाण्याने त्यांचे काय केले, हे दिसते. म्हणून तेथील शांतता स्वस्त वाटत नाही. अर्थात, त्यांची पुष्कळ चित्रे एकामागून एक पाहिली की मांडणीची सवय जाणवते: मोकळा चौकोन, मध्ये चार खुंट. अनुकरण करणारे नेमकी ही सवय उचलतात आणि खुंटांची झीज विसरतात.

त्या तरुणाला मी सांगितले, की बाकीची चित्रे बाजूला ठेव आणि डाग पडलेले चित्र पुन्हा हाती घे. आभाळ थोडे गडद कर, पाण्याची चकाकी कमी कर, म्हणजे ती धूसर माणसे अधिक उठून दिसतील. पुढच्या वेळी माणसे निघून जाईपर्यंत थांबू नकोस. तो जरा हिरमुसला. मात्र जाताना त्याने तेच चित्र सर्वांत वर ठेवले होते.