धुरांडं दिसलं, पण तपासलं नाही

गेल्या महिन्यात लेस्टरहून मामेभावाचा फोन आला. "बँकेने घर पास केलं गं, व्हॅल्युएशन व्यवस्थित आलंय. आता वेगळ्या सर्व्हेवर कशाला पैसे घालवू?" घराच्या पैशांत मामाच्या पीएफचाही वाटा आहे, म्हणून त्याने पाठवलेला अहवाल मी नीट वाचला. वाचताना आपला नेहमीचाच प्रश्न समोर आला: दुसऱ्याच्या प्रश्नासाठी गोळा केलेला डेटा आपल्या प्रश्नाला कितपत चालतो?

इंग्लंडमध्ये घर घेताना या दोन तपासण्या वेगळ्या असतात. मूल्यांकन कर्ज देणारी संस्था करून घेते. तिला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच: हप्ते थकले तर घर विकून आपली रक्कम वसूल होईल का? कधी कधी तर घरात कुणी पाऊलही टाकत नाही, आसपासच्या विक्रीच्या नोंदींवरून आकडा काढतात. सर्व्हे खरेदीदार स्वतःसाठी करून घेतो. 'आरआयसीएस' या व्यावसायिक संस्थेने त्याच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत; जुन्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घरासाठी तिसरी, सर्वांत सविस्तर.

"मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे" एवढं सांगून बहुतेक मार्गदर्शक लेख थांबतात. माझा आक्षेप तिथेच आहे. 'स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश' हा खटला पाहा.

नॉर्विचमधलं एक साधं घर, किंमत 18,000 पौंड. श्रीमती स्मिथ यांनी कर्ज घेतलं फक्त 3,500 पौंड. म्हणजे घराची किंमत निम्म्यावर आली असती तरी संस्थेचे पैसे सुटले असते. तपासणीची फी मात्र बाईंनीच भरली होती. अहवालात लिहिलं होतं की तातडीच्या दुरुस्तीची गरज नाही. त्यावर विसंबून त्यांनी घर घेतलं. दीड वर्षाने धुरांड्याच्या विटा छत फोडून खाली कोसळल्या.

तपासनिसाला खालच्या खोलीत धुरांड्याचा भाग काढून टाकलेला दिसला होता. वर उरलेल्या भागाला आधार आहे का, हे मात्र त्याने पाहिलं नाही. 1989 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बाईंच्या बाजूने निकाल दिला. 'आमची जबाबदारी नाही' ही छापील सूचना 1977 च्या अन्यायकारक करार-अटींच्या कायद्यापुढे टिकली नाही.

नीट पाहा, इथे चुका दोन आहेत. पहिली वाचणाऱ्याची: संस्थेच्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मानलं. दुसरी लिहिणाऱ्याची: तपासणी मर्यादित होती हे मान्य, पण त्या मर्यादेतही जी विसंगती डोळ्यांना दिसली तिचा माग काढायलाच हवा होता. प्रबंधात आपण 'मर्यादा' नावाचं प्रकरण लिहितो ना? न मोजलेल्या गोष्टींसाठी ते ठीक आहे. आलेखात दिसलेला विचित्र बिंदू त्याखाली झाकता येत नाही.

या निकालालाही मर्यादा आहेत. तो साध्या, माफक किमतीच्या घरांबद्दल आहे. मोठ्या व्यावसायिक मालमत्तेचा प्रश्न न्यायाधीशांनी मोकळा ठेवला. आणि भरपाई मिळते ती विटा पडल्यावर. सविस्तर सर्व्हेसुद्धा सगळं पाहत नाही: तो मुख्यतः नजरेला पडेल तेवढंच तपासतो, जमीन उकरत नाही की भिंत फोडत नाही. म्हणून कोणताही अहवाल हातात आला की तीन गोष्टी विचारा. हा कुणाच्या प्रश्नासाठी केला? काय प्रत्यक्ष पाहिलं आणि काय गृहीत धरलं? खटकलेल्या जागी पुढे काय केलं?

भावाला मी एवढंच विचारलं, "स्वयंपाकघराची भिंत काढलीय म्हणालास, मग वरचा भार कशावर आहे?" तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने तिसऱ्या पातळीचा सर्व्हे ठरवला. अहवाल अजून यायचाय.