तंजावरचा नेल्सन : शिल्पकर्त्री अॅन डेमर व प्रत्यक्ष दर्शनाचा पुरावा

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) हे सरस्वतीमहालांतील ग्रंथसंग्रहामुळें, व भोसले वंशाचा जो मराठी वृत्तान्त बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरविला गेला त्यामुळें, आमच्या वाचकांस चांगले परिचित आहेत. परंतु याच मराठी राजासाठीं एका इंग्रज स्त्रीनें आरमारी सेनापति नेल्सन याचा अर्धपुतळा घडविला, या गोष्टीकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. ही शिल्पकर्त्री म्हणजे अॅन सीमूर डेमर (१७४८–१८२८). सूचना तिचे आप्त सर अलेक्झांडर जॉन्स्टन यांची. हे सिलोनचे माजी सरन्यायाधीश असून १८२३ सालीं स्थापन झालेल्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक होते.

डेमर हिनें चेराक्की व बेकन या शिल्पकारांजवळ काम शिकून क्रुइकशँक यांजपाशीं शारीरशास्त्राचा अभ्यास केला. १७८४ ते १८१८ पर्यंत तिचीं शिल्पें लंडनच्या रॉयल अॅकॅडेमींत मांडलीं जात. असें असूनही, संगमरवर तिनें स्वतः घडविला नसून पगारी कारागिरांनीं घडविला, असा प्रवाद तिच्या हयातींतच उठला व मरणोत्तरही टिकला.

हा प्रवाद आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मातीचा मूळ नमुना शिल्पकारानें करावा, त्यावरून दगडाचें ढोबळ काम हाताखालच्या माणसांनीं उतरावें व शेवटचा हात पुन्हा शिल्पकारानें फिरवावा, ही त्या काळच्या यूरोपांतील मोठ्या शिल्पशाळांची सर्वसाधारण रीत होती. जी रीत पुरुषाच्या बाबतींत कारखान्याची शिस्त ठरते, तीच स्त्रीच्या बाबतींत लबाडीचा पुरावा कशी ठरावी ? एकाच मापानें दोघांस मोजलें पाहिजे. मग कारागीर होते किंवा नव्हते, येवढ्यानें कर्तृत्वाचा निकाल लागत नाहीं.

तर निकाल लावावा कशानें ? आमची नेहमींची वाट दप्तराची. येथें ती फारशी चालत नाहीं. कारण आपला खाजगी पत्रव्यवहार नष्ट करावा व आपलीं हत्यारें आणि कामाचा पदर आपल्याबरोबर पुरावा, अशी तिचीच इच्छा होती. केंट परगण्यांतील संड्रिज येथें ती विसावली आहे. कागद जळाले, हत्यारें मातींत गेलीं. उरले ते दगड. म्हणून तिच्या बाबतींत शिल्प हेंच अस्सल दप्तर होय, व अस्सलाची जी शिस्त आपण कागदास लावतों तीच त्यास लावली पाहिजे.

नकलेच्या नकलेवरून ताम्रपट वाचून कोणी वंशावळ जुळवूं लागला तर आपण त्यास थांबवितों. पण छायाचित्रावरून मूर्तीचा निवाडा करणारास थांबवीत नाहीं. छायाचित्र एक बाजू व एक क्षणाचा उजेड दाखवितें. छिन्नीची दिशा, घासकामाचा हात कोठें थांबला, पाठीकडील भाग पुरा केला कीं सोडून दिला, हें शिल्पाभोंवतीं फिरल्यावांचून व उजेड बदलल्यावांचून कळत नाहीं. डेमर आपल्या कित्येक कृतींवर ग्रीक अक्षरांत नांव कोरी. शिलालेख वाचणारास हें विशेष मोलाचें. कारण अक्षरांची खोली व ठेवण समोरासमोर पाहिल्यावरच नीट उमगते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत तिचा एक लहानसा झुबकेदार संगमरवरी कुत्रा आहे. त्याच्या केंसांच्या बटा चित्रांत केवळ नक्षी वाटाव्यात, पण तेथें दगडाला मऊपणा आणण्याची कसोटी आहे.

दूरच्या प्रवासाची सबब सर्वांस लागू नाहीं. विट्याच्या संग्राहकांस औंध एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे. पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं खुल्या केलेल्या तेथील संग्रहालयांत हेन्री मूर याची ‘माता व बालक’ ही कृति आहे. पोथी पाहावयास जातां तशाच तयारीनें तिजपुढें उभे राहावें, चारी बाजूंनीं टिपण करावें. तेथें कमावलेली नजर डेमरच्या कामींही येईल.

ही त्वरा कां, तें मुंबईच्या एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पिल्लू पोचखानवाला (१९२३–१९८६) या आधुनिक शिल्पकर्त्रींपैकीं अग्रगण्य. हाजी अलीच्या चौकांतील त्यांचें ‘स्पार्क’ हें शिल्प पुढें तेथून हलविण्यांत आलें. ज्यांनीं तें जागेवर, वाहत्या रस्त्याच्या मध्यें पाहिलें, त्यांची साक्ष आतां पुराव्याच्या मोलाची झाली आहे. ती लिहून ठेवली नाहीं तर तीही जाईल.

स्त्रियांच्या हातचें काम इतिहासांतून दोन वाटांनीं नाहींसें होतें : कर्तृत्व दुसऱ्याच्या नांवें लागतें, किंवा वस्तूच जागेवरून जाते. पहिल्यावर उपाय चिकित्सा, दुसऱ्यावर उपाय वेळेवर केलेलें प्रत्यक्ष दर्शन व त्याची लेखी नोंद. तंजावरच्या मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनीं सरफोजींच्या ग्रंथांइतकाच या अर्धपुतळ्याचाही विचार करावा, अशी आमची सूचना आहे.