‘मूत्रल संप्रेरक’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा वस्तूला नाव देते आणि त्याच वेळी तिच्याविषयी एक विधानही करून जाते. कीटकांच्या उत्सर्जनक्रियेच्या विवेचनात रूढ झालेली ‘मूत्रल संप्रेरक’ ही संज्ञा अमुक द्रव्य मूत्र वाढविते असे सुचविते. हे विधान कितपत टिकते, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण अभ्यासकाच्या मनात संज्ञा प्रथम शिरते व वस्तुस्थिती मागाहून.

माल्पीगीने 1669 साली रेशीमकिड्याच्या वर्णनात नोंदविलेल्या नलिका हे कीटकांचे प्रमुख उत्सर्जक इंद्रिय होय. टोकाशी बंद असलेल्या या नलिका रक्तद्रवात मोकळ्या असतात. मानवी वृक्कात रक्तदाबामुळे गाळण होते. येथे मात्र नलिकेच्या पेशी आयन आत ढकलतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. रॅमसेने 1954 साली काडीकिड्याच्या सुट्या नलिकेचा स्राव मोजला, आणि 1963 साली मॅड्रेलने ऱ्होड्नियस प्रोलिक्सस या अमेरिकी रक्तशोषक कीटकात या स्रावावर चालणारे संप्रेरकाचे नियंत्रण दाखविले. हा कीटक पाचव्या अवस्थेत एका वेळी स्वतःच्या वजनाच्या सुमारे दसपट रक्त पितो. त्यानंतर नलिकांच्या स्रावाचा वेग सुमारे हजारपट वाढतो. या संदर्भात ‘मूत्रल’ हा शब्द यथार्थच होता.

अडचण उद्भवते ती हा शब्द संदर्भातून सुटून द्रव्याचा गुणधर्म बनतो तेव्हा. ऱ्होड्नियसमधील एक मूत्रल द्रव्य म्हणजे सेरोटोनिन. रक्तजलात सापडणारे व रक्तवाहिन्यांना ताण देणारे द्रव्य म्हणून 1948 साली त्याला हे नाव मिळाले. तेच द्रव्य या कीटकाच्या उदराची त्वचा मात्र सैल करते, जेणेकरून प्यालेले रक्त मावावे.

याहून बोलके उदाहरण कॅपा पेप्टाइडांचे. तंबाखूवरील मंडुका पतंगात हृदयाची गती वाढविणारे म्हणून या गटातील द्रव्याचे नामकरण झाले. 1995 साली फळमाशीच्या नलिकांचा स्राव ते वाढविते असे आढळले. 1997 साली ऱ्होड्नियसमध्ये तेच द्रव्य स्राव रोखते असे दिसून आले. पुढे 2018 साली खुद्द फळमाशीतही अत्यल्प मात्रेत रोध आणि अधिक मात्रेत उत्तेजन असा द्विविध परिणाम प्रसिद्ध झाला. अर्थात ‘मूत्रल’ की ‘मूत्ररोधक’ याचे उत्तर एकट्या द्रव्यात नाही. कीटक कोणता आणि मात्रा किती, यांवर ते अवलंबून आहे. शब्दाचा अर्थ वाक्यावाचून ठरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आणखी एक संदिग्धता ‘मूत्र’ या पदातच आहे. नलिकेतील स्राव पश्चांत्रात उतरतो व तेथे त्यातील पाणी पुन्हा शोषले जाऊ शकते. म्हणून नलिकास्राव वाढला की शरीरातील पाणी घटलेच, हे अनुमान निराधार ठरते. नामिब वाळवंटातील ओनिमॅक्रिस भुंगेऱ्याविषयी निकोलसन यांनी 1991 साली नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. पाण्याच्या थेंबाथेंबाला जपणाऱ्या प्राण्याला मूत्रल संप्रेरक कशासाठी? पाणी न दवडता रक्तद्रव शुद्ध करणे हे त्याचे कार्य असू शकेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

मराठीत या प्रश्नाला एक निराळा पदर आहे. ‘संप्रेरक’ या शब्दातच प्रेरणा गृहीत आहे. मूळ ग्रीक धातूही चालना देणे याच अर्थाचा. त्यामुळे ‘रोधक संप्रेरक’ ही जोडी कानाला विसंगत वाटते आणि रोधाचे कार्य गौण भासू लागते. वस्तुतः परंपरेत दोन्ही बाजूंची सोय आहे : चरकसंहितेत मूत्रविरेचनीय व मूत्रसंग्रहणीय असे द्रव्यांचे स्वतंत्र वर्ग आहेत. तथापि तेथेही परिणाम द्रव्याच्याच नावे मांडला आहे, आणि चर्चेतील दोष नेमका तोच.

नावे ऐतिहासिक असतात, ती बदलल्यास गोंधळच वाढेल, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. रूढ नाव राहू द्यावे. परंतु विवेचनात ‘मूत्रल’ हे विशेषण द्रव्यास न लावता प्रयोगाच्या निष्कर्षास लावावे, आणि अमुक कीटकात, नलिकेच्या अमुक भागात, अमुक मात्रेस नलिकास्राव वाढला किंवा घटला, असे म्हणावे. वाक्य लांबेल, पण खोटे ठरणार नाही.

हा आग्रह निव्वळ शब्दशुद्धीचा नव्हे. शागास रोगाचे परजीवी ऱ्होड्नियसच्या मलमूत्रातूनच माणसाच्या त्वचेवर उतरतात. कीटकनियंत्रणासाठी या पेप्टाइडांसारखी कृत्रिम द्रव्ये घडविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. केवळ नावावर विसंबून कीटकास शुष्क करू पाहणारा संशोधक त्याचे पाणी राखूनही बसेल.